कर्ता कोण, करण कोण?

मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत आता यांत्रिक हात वाट दाखवितो. इंदूरच्या आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली, तर पहिला प्रश्न हाच निघेल: शस्त्र कोण चालविणार, यंत्र की वैद्य?

पाणिनीने कर्त्याला स्वतंत्र म्हटले. कार्य साधून देणारे जे प्रमुख साधन, त्याला करण म्हटले. 1985 साली अमेरिकेत लाँग बीच येथे ‘प्यूमा’ नावाच्या यंत्राने मेंदूतील लक्ष्याची दिशा धरून ठेवली. सुई मात्र शल्यवैद्यानेच घातली. आजही बहुधा हीच रीत आहे. आधी सीटी, एमआरआयची चित्रे घेतात, त्यांवर मार्ग ठरवितात, रुग्णाच्या डोक्याशी चित्र जुळवितात. मग यांत्रिक हात त्या रेषेवर न थरथरता स्थिर राहतो.

परंतु एक मर्म ध्यानी घ्यावे. कवटी उघडून आतील द्रव वाहून गेला की मेंदू काही मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक सरकतो. चित्र मात्र पूर्वीचेच राहते. यंत्र त्या जुन्या चित्राशी एकनिष्ठ असते, म्हणूनच चुकू शकते. अशा वेळी थांबणे, खुणा पुन्हा पडताळणे, प्रसंगी यंत्राने दाखविलेला मार्ग नाकारणे, हे स्वातंत्र्य वैद्याचे. ज्याला नाकारता येते तोच कर्ता, उत्तरदायित्वही त्याचेच. ‘यंत्राने तसे दाखविले’ एवढे म्हणून त्यातून सुटका नाही.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी यंत्राची किंमत विचारू नये. विचारावे ते हे: चित्र आणि मेंदू यांत अंतर पडले, तर ते कोण व कसे ओळखणार?