टाकलेले अन्न आणि मागितलेली भिक्षा

अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘फ्रीगन’ नावाची जीवनपद्धती पुढे आली. दुकानांनी कचऱ्यात टाकलेले खाण्याजोगे अन्न वेचावे, गरजा आटोपत्या ठेवाव्या, म्हणजे नोकरीचे जोखड हलके होते, असे तिचे अनुयायी मानतात. नासाडीवरचा त्यांचा आक्षेप यथार्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. परंतु कामाच्या तापाने शिणलेला वासनिक यालाच वैराग्य समजेल, तर तो फसेल.

सर्वज्ञांनी साधनवंताला भिक्षा विहित केली, ती कष्ट चुकविण्यासाठी नव्हे. भिक्षेत दात्यापुढे हात पसरावा लागतो. तेथे अहंता गळते. पडेल ते घ्यावे लागते. तेथे रसनेचे लाड संपतात. उरलेला काळ अटन, विजन व स्मरण यांचा असतो. कचऱ्यातून वेचणाऱ्याला मागावे लागत नाही, निवड मात्र करता येते. प्रपंच स्वस्त झाला म्हणजे सुटला, असे नव्हे.

म्हणून नोकरी सोडू पाहणाऱ्याने स्वतःस एकच पुसावे: मोकळा झालेला दिवस कोणाला वाहणार? परमेश्वराला, तर गुरूंच्या अनुज्ञेने पाऊल टाकावे. केवळ विसाव्याला, तर घरी राहून नेटका व्यवहार करावा, ताटात अन्न टाकू नये आणि दारी आलेल्या भिक्षुकाला विन्मुख पाठवू नये.