अंतर कोणाचे खरे?

उमरोळी स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे धावणारी तरुण मंडळी हल्ली अंतर विचारतात ते मनगटावरच्या घड्याळाला. दोघे बरोबर धावले तरी एकाचे घड्याळ पाच किलोमीटर सांगते, दुसऱ्याचे त्याहून थोडे अधिक. आणि मग खरे कोणाचे, हा वाद माझ्यासारख्या मास्तरापुढे येतो.

घड्याळ रस्ता मोजतच नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या संकेतांवरून ते आपले स्थान ठरवते आणि असे ठिपके रेघांनी जोडत जाते. ठिपका दोनचार मीटर इकडेतिकडे पडला की सरळ वाट वाकडी होऊन लांबते. रेघ वळण कापून गेली की वाट आखूड होते.

शर्यतीत हा वाद आधीच मिटवलेला असतो. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर १९२१ साली निश्चित झाले. तो मार्ग सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून, जवळात जवळच्या वाटेने मोजतात आणि कमी भरू नये म्हणून हजार मीटरांमागे एक मीटर वाढवतात. गर्दीत वळणे घेणारा त्याहूनही अधिक धावतो. त्याची ती पावले खरी असतात, पण हिशेबात येत नाहीत.

मला यात अन्याय दिसत नाही. माप हे श्रमांचे मोल नव्हे; तो सर्वांनी मिळून केलेला करार आहे. दोन आकड्यांतला सोयीचा तेवढा उचलणे म्हणजे घेताना मोठी पायली आणि देताना लहान. चूक यंत्राची असते, लबाडी मात्र निवडणाऱ्याची. म्हणून माप धावण्यापूर्वी ठरवावे, आणि तोट्याचे ठरले तरी ते मानावे.