सुभेदारांचा वारसा



१४ एप्रिल आपण विसरत नाही. ६ डिसेंबर विसरणे तर शक्यच नाही. पण २ फेब्रुवारी ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? १९१३ साली त्या दिवशी मुंबईत एका वृद्ध सैनिकाने डोळे मिटले. ते सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. बाबासाहेबांचे वडील, एवढे म्हणून आपण त्यांची आठवण उरकतो.

आज त्यांच्याविषयी बोलायचे ते नुसते गुणगान करण्यासाठी नव्हे. प्रश्न आपल्या घरातला आहे. १९५६ च्या आधी जे आपले वाडवडील गेले, ज्यांनी जन्मभर जुनीच दैवते पुजली, त्यांचे स्मरण धम्मात आलेल्या माणसाने कसे करावे? कोणी त्यांना अडाणी म्हणून मोकळा होतो. कोणी त्यांच्या नावाने जुनेच विधी गुपचूप करतो. या दोन्ही वाटा आपल्या नव्हेत.

दीघनिकायात सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. राजगृहाबाहेर ओल्या अंगाने उभा राहून तो सहा दिशांना हात जोडत होता. भगवंतांनी कारण विचारले. तो म्हणाला, मरताना वडिलांनी तसे सांगितले होते. भगवंत त्याला हसले नाहीत. तुझा बाप मूर्ख होता, असेही म्हणाले नाहीत. दिशांची पूजा आर्यांच्या विनयात अशी करीत नाहीत, एवढे सांगून त्यांनी दिशांचा खरा अर्थ उलगडला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप. मुलाला पापापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या शिकवणे, योग्य ठिकाणी संसार थाटून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे, ही आईबापांची पाच कर्तव्ये. मुलाच्या पाच कर्तव्यांत एक असे आहे की, त्याने त्या वारशाला लायक व्हावे.

आता या मापाने सुभेदारांकडे पाहा.

हे घराणे मूळचे कोकणातल्या आंबडव्याचे. रामजी फौजेत शिरले, सुभेदारपदापर्यंत चढले. पण त्यांची खरी कमाई बंदुकीची नव्हती. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे, आणि गावच्या शाळेचे दार बंद असलेल्या माणसाला लष्कराने पाटीपुस्तक दिले. रामजी तेथे शिकले आणि पुढे लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. मी स्वतः शाळामास्तर आहे, म्हणून या गोष्टीचा मला विशेष अभिमान वाटतो. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेणारे सुभेदारच होते.

रामजी आणि भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. शेवटचा भीम, १८९१ साली महूच्या छावणीत जन्मलेला. यांतले बलराम, आनंदराव आणि भीम हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली एवढीच जगली. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तेथे भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी लेकरांना मायेने सांभाळले. सुभेदार मात्र पोटासाठी घराबाहेर. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून ते राहत होते.

पुढे मुंबईत परळला चाळीतली एकच खोली. तेथेच चूल, तेथेच बिछाना, तेथेच अभ्यास. भीमाला लवकर झोपवून सुभेदार स्वतः जागत बसत. रात्री दोनला त्याला उठवीत, दिवा पुढे करीत आणि मग आपण आडवे होत. पोराने पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, तर ते विवाहित मुलींच्या दारी जात, त्यांचा एखादा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. एका बापाच्या जागरणावर आणि दोन बहिणींच्या दागिन्यांवर ही विद्या उभी आहे. आपण बापाचे नाव घेतो, तेव्हा मंजुळा आणि तुळसा यांचेही घेतले पाहिजे.

आता मतभेदाची गोष्ट. सुभेदार कबीरपंथी होते. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या ग्रंथांत शूद्रांची हीनता सांगितली, ते आम्ही का वाचावेत, असे भीमाने विचारले. आधी बापाने त्याला दटावले. काही काळाने मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा मात्र सुभेदार उत्तर तयार करून बसले होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हीही लहान माणसेच, पण केवढी मोठी झाली ते पाहा. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. त्याला त्या ग्रंथांतले कोणतेच पात्र आवडले नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. बाप गप्प राहिला. आपला मुलगा बंड करू लागला आहे, हे त्याने ओळखले होते. पुढे दादा केळुसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्राने त्या बंडाला दिशा मिळाली. बाबासाहेबांनी १९५६ साली हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. त्यात कटुता नाही, लपवाछपवीही नाही.

वाचकहो, यात आपले उत्तर आहे. बापाचा ग्रंथ मुलाने टाकला. त्या ग्रंथामागची बापाची तळमळ, माझे लेकरू वाकू नये ही, ती मात्र त्याने जन्मभर उरात वागवली. वडिलांच्या आजाराची तार येताच तो बडोद्याहून धावत आला. त्याच वर्षी तो अमेरिकेला शिकायला गेला. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ निघाला, तो त्याने आईबापांच्या स्मृतीस अर्पण केला. वारशाला लायक होणे म्हणतात ते हेच.

आपल्याही घरोघर सुभेदार आहेत. कोणी पलटणीत गेला, कोणी गिरणीत, कोणी रेल्वेच्या रुळांवर. त्यांच्या कपाळी गंध होते की बुक्का, हे मोजत बसू नका. त्यांनी कोणाला रात्री दोनला उठवले, कोणाच्या फीसाठी काय गहाण टाकले, ते मुलांना सांगा. आणि त्यांच्या स्मृतिदिनी जेवणावळ घालण्याआधी एका गरजू मुलाला पुस्तके घेऊन द्या, आपल्या मुलीच्या पुढ्यात बसून तिचा धडा ऐका. दिवंगतांच्या नावाने दान करावे, हेही सिगालाला सांगितलेल्या मुलाच्या कर्तव्यांत आहेच.

दिवा पुढे करणारा हात गेला. दिवा आता आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.