आम्हाला ओळख

विकत घेतलेल्या घराच्या बाबतीत मराठीत दोन शब्द पाठोपाठ येतात, ताबा आणि वास्तुशांत. ताबा बिल्डर देतो. मुद्रांक शुल्क भरले जाते, करारनामा नोंदवला जातो, इंडेक्स टू हाती येतो, कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि एके दिवशी चाव्यांचा जुडगा मिळतो. कायद्यापुरते घर आपले झाले. तरीही बहुतेक कुटुंबे सामान हलवण्याआधी भटजींना मुहूर्त विचारतात. ज्यांना भटजी नको तेही नुसते कुलूप उघडून आत जात नाहीत. बौद्ध घरात भन्तेजी येऊन त्रिशरण-पंचशील आणि परित्राणपाठ होतो, वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरात पाद्री आशीर्वाद देतात, मुसलमान घरात कुराणखानी होते. कागद पक्का असताना एवढ्या वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांना काहीतरी राहून गेल्यासारखे का वाटावे? मला वाटते, राहून गेलेली असते ती परवानगी. मालकी पैशाने मिळते. पण आपल्याआधी त्या जागी जे होते त्याची दखल घेतल्याशिवाय ती जागा आपल्याला घर वाटत नाही.

हे म्हणणे आजचे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वास्तोष्पतीचे, म्हणजे राहत्या जागेच्या स्वामीचे, तीन ऋचांचे छोटे सूक्त आहे. नव्या घरात शिरणारा माणूस त्यात पहिल्यांदा काय मागतो, तर आम्हाला ओळख. मग आमचा प्रवेश सुखाचा होऊ दे, रोगराई नको, दोन पायांच्यांचे आणि चार पायांच्यांचेही भले कर. ही जागा माझी आहे, असे तो सांगत नाही. अनोळखी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याचा हा सूर आहे. मत्स्यपुराणातली वास्तुपुरुषाची कथा तर याहून उघड बोलते. अंधकासुराशी झालेल्या युद्धात शंकराच्या घामाच्या थेंबातून एक भुकेला जीव जन्मला. त्याची भूक भागेना, तो त्रैलोक्य गिळायला निघाला, तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पाडून दाबून धरले. ज्या देवाने जे अंग धरले तो तिथेच राहिला. त्या दडपलेल्या जिवाने विचारले, मी खाऊ काय? घर बांधणारा तुझा भाग तुला देईल, असे ठरले. म्हणजे प्रत्येक घराखाली कुणीतरी दडपलेले आहे आणि त्याचे आपण देणे लागतो, ही त्या कथेची समजूत आहे. जमीन खणताना मुंग्यांची वारुळे मोडतात, झाडे तुटतात, पाण्याची वाट अडते. त्या साऱ्याची क्षमा मागणे ही शांत या शब्दातली खरी मागणी.

विधीचा सगळ्यात बोलका भाग सत्यनारायणाच्या गर्दीत हरवतो, म्हणून तो जरा जवळून पाहावा. वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा एका लहानशा पेटीत ठेवतात. सोबत सप्तधान्य, फुले, शेवाळ. मग आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून ती पेटी पुरतात, प्रतिमा पालथी घालून. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खणायला माती नसते, तर त्यासाठी एक फरशी बसवायची बाकी ठेवतात आणि पेटी ठेवल्यावर सिमेंटने बंद करतात. लाखो रुपये मोजून घेतलेल्या चटई क्षेत्रातली एवढीशी जागा अशा रीतीने दुसऱ्याच्या नावे होते. तिच्यावरून रोज पाय जाणार, पण तिथे कोण आहे हे घरातल्यांना ठाऊक असणार. काही घरांत सणावारी त्या कोपऱ्यात नैवेद्य ठेवतात. वास्तू तथास्तु म्हणते, घरात वाईट बोलू नये, असे आजीआजोबा नातवंडांना दटावतात तेही याच समजुतीतून. घर ऐकते असे मानणारा माणूस घरात जपून बोलतो.

यावर विवेकवादी विचारतील, असा पुरुष जमिनीखाली असतो हे कुणी पाहिले? कुणीच नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. भीतीचा जो धंदा या नावाखाली चालतो त्याला तर विरोधच हवा. स्वयंपाकघर चुकीच्या दिशेला म्हणून धडधाकट भिंती फोडायला लावणारे वास्तुशास्त्र आणि क्षमा मागणारी वास्तुशांत यांचा सूर उलटा आहे. पहिले विचारते, या जागेतून मला काय मिळेल. दुसरी विचारते, मी हिचे काय देणे लागतो. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्या पहिल्या बाजारावर टीका करत आली आहे, ती रास्तच आहे. पण विधी टाकला की सगळे साधले, असेही नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी भटजीची मध्यस्थी नाकारली. विधी मात्र ठेवला, लग्नासाठी स्वतःची मंगलाष्टके रचली. माणसाला आयुष्यातले मोठे बदल बोलून, चार लोकांसमोर साजरे करावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताला अनिकेत, म्हणजे घर नसलेला, म्हटले आहे. बुद्धानेही घर बांधणाऱ्या तृष्णेला ओळखून तिचा निरोप घेतला. मग घराशी जीव जोडणे ही अडकण्याचीच सुरुवात नव्हे का? जिथे घर म्हणजे माझेपणाची तटबंदी होते, तिथे हा आक्षेप खरा ठरतो. पण आपण इथे राहायला आलो आहोत, जागा आपल्याआधीही होती आणि नंतरही असेल, असे मानून जो उंबरठा ओलांडतो त्याची माझेपणाची पकड पहिल्याच दिवशी सैल झालेली असते. ज्ञानेश्वरांनी त्या अनिकेताचा अर्थ सांगताना अवघे विश्वच त्याचे घर केले. चार भिंतींत पाहुण्यासारखे राहायला शिकल्याशिवाय तिथवर कसे पोचणार?

म्हणूनच क्षमेची ही मागणी मुंग्या आणि झाडांपाशी थांबवून चालणार नाही. लालबाग-परळचे टॉवर ज्या गिरण्यांच्या जमिनींवर उभे आहेत, तिथल्यासह मुंबईभरच्या गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी जानेवारी १९८२ मध्ये संप केला आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा काम मिळाले नाही. शहराबाहेरच्या कितीतरी वसाहती कालपरवापर्यंत भातखाचरे होत्या. शिवाय प्रत्येक इमारतीत पहिला मुक्काम मजुरांचा असतो. बिनदाराच्या खोल्यांत त्यांच्या चुली पेटलेल्या असतात. गावाकडे घरभरणीला गवंड्या-सुताराला टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन मान देतात. शहरात घर बांधणारी माणसेच दिसेनाशी झाली, आणि विधीतला हा भाग सर्वांत आधी गळाला. तो परत आणता येईल. शेजारच्या विंगचे काम बहुधा चालूच असते आणि तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत माणसे राहत असतात. वास्तुशांत करा, परित्राणपाठ करा, नाहीतर नुसते दूध उतू घालवा. पण त्या दिवशी त्यांना वर बोलावा आणि पहिली पंगत त्यांची बसवा.