गाऱ्हाणे आणि भरवसा

भरवसा हा शब्द मराठीत रोजच्या व्यवहारातला आहे. पावसाचा भरवसा नाही असे शेतकरी म्हणतो, तेव्हा आजवरच्या अनुभवावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. आणि एखाद्या शेजाऱ्याचा भरवसा धरला जातो, तेव्हा त्यामागेही त्याच्या पूर्वीच्या वागण्याची साक्ष असते. ख्रिस्ती श्रद्धेतला देवावरचा भरवसा या अर्थात पुरता मावत नाही, कारण आजारपण, नापिकी किंवा जिवलगाचा मृत्यू अशा ज्या प्रसंगी त्याची खरी गरज पडते, त्या प्रसंगी अनुभवाची साक्ष नेमकी उलट बाजूने पडत असते. अशा वेळी अवाक्षर न काढता सोसणे म्हणजेच भरवसा, असा समज ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समाजांमध्ये, बराच रुजलेला आहे. बायबलचा आधार मात्र या समजाला फारसा मिळत नाही. तेथे देवापुढे घातलेले गाऱ्हाणे हे भरवशाचेच एक रूप ठरते.

ईयोबाच्या ग्रंथाचा सगळा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. जनावरे, दहा मुले आणि शेवटी आरोग्यही गमावलेला ईयोब पहिल्या आघातानंतर देणारा आणि नेणारा देवच आहे असे शांतपणे म्हणतो. पण तिसऱ्या अध्यायात तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याच्या भेटीस आलेले तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुक्याने बसतात, आणि तेवढा वेळ त्यांचे काहीही चुकत नाही. बिघडते ते त्यांनी तोंड उघडल्यावर. चांगल्याला चांगले आणि वाइटाला वाईट फळ याच जन्मी मिळते, या प्रतिफळाच्या सिद्धान्तावरून ते ईयोबाच्या हातून पाप घडलेच असले पाहिजे असे अनुमान काढतात आणि देवाची वकिली करू लागतात. ग्रंथाच्या अखेरीस देव ईयोबालाही चार शब्द सुनावतो, दुःखाचे कारण तर त्याला सांगतच नाही. तरीही देवाविषयी यथार्थ कोण बोलले याचा निर्वाळा देताना तो वकिली करणाऱ्या मित्रांना दोषी ठरवून तक्रार करणाऱ्या ईयोबाची बाजू घेतो. ही देवाची इच्छा आहे, हे वाक्य दुःखिताने स्वतःच्या तोंडाने उच्चारले तर ते समर्पण असते. तेच शेजाऱ्याने त्याला ऐकवले की तो निवाडा होतो, हा फरक या ग्रंथातून स्पष्ट होतो.

नव्या करारात येशूने हा प्रतिफळाचा हिशेब आणखी स्पष्टपणे नाकारलेला आहे. शिलोहातील बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांहून अधिक पापी नव्हते असे तो लूककृत शुभवर्तमानात बजावतो, आणि योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाची चौकटच तो बाजूला सारतो. दुःखाचा उगम भोगणाऱ्याच्या खात्यात शोधण्याची ही सवय एका धर्मापुरती नाही. धर्मांतराने देवाचे नाव बदलले तरी भोग आणि कर्म यांची भाषा जिभेवर टिकून राहते, आणि ख्रिस्ती घरातील मयताच्या वेळीही ती सहज ऐकू येते.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे 150 प्रार्थनागीतांच्या बायबलमधील संग्रहात, सुमारे एक तृतीयांश गीते विलापाची आहेत. देव किती काळ विसरून राहणार, त्याने तोंड का लपवले, असे प्रश्न त्यांत उघड विचारलेले आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. 88वे स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही उपासनेच्या ग्रंथातून ते वगळले गेले नाही. मराठी मनाला ही रीत परकी वाटू नये. कोकणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, आणि विठ्ठलाशी भांडणारे संत मराठी भक्तीच्या मध्यभागी उभे आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्याच्याशी भांडता येते असा देव त्यांना मराठीतच आधी भेटलेला होता.

तक्रारीला अशी मोकळीक दिली तर श्रद्धेचा पायाच ढासळेल, हा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. त्याचे उत्तर तक्रार कोणाविषयी आहे यात नसून ती कोणाकडे केली जाते यात आहे. देवाविषयी इतरांजवळ कुरकुर करणारा माणूस देवाकडे पाठ फिरवतो, तर देवालाच जाब विचारणारा अजून त्याच्यासमोर उभा असतो. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी आधी केली आणि मग पित्याच्या इच्छेला मान्यता दिली. वधस्तंभावरही त्याच्या मुखी आला तो देवाने मला का सोडले, हा 22व्या स्तोत्राच्या आरंभीचा टाहो. विनवणी वगळून केवळ मान्यता तेवढी उचलणारी शिकवण येशूच्या वाटेवरचा पहिला टप्पाच गाळून टाकते.

भरवशासाठी हिब्रू भाषेत असलेला 'एमुना' हा शब्द या विचाराला आणखी एक बाजू जोडतो. 'आमेन' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ स्थिरपणा असा आहे. बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या 17व्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना इस्राएलाचा पुढारी मोशे डोंगरावर हात वर करून उभा राहतो. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, खाली आले की पीछेहाट. हात जड होतात, तेव्हा त्याचे साथीदार अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात, दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिरपणासाठी मूळ हिब्रूत 'एमुना' हाच शब्द वापरलेला आहे. मोशेच्या मनात त्या वेळी किती धैर्य होते याविषयी कथा काहीच सांगत नाही; हात थकले होते, आणि ते दुसऱ्यांनी पेलले, एवढेच ती सांगते. देवावरचा भरवसा ही एकट्याच्या मनोबलाची परीक्षा नसून मंडळीने मिळून उचलण्याचे ओझे आहे, असा निष्कर्ष येथून निघतो. क्रूस वाहताना येशूलाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात गाऱ्हाणे आणि मिळून पेललेला भरवसा हे दोन्ही धागे एकत्र आलेले दिसतात. 1874च्या सुमारास दुष्काळी उपासमारीत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण ही तिघेही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ ही उरलेली दोघे पायी भटकत पंजाबात पोहोचली, तेव्हा पुरेसे पांघरूण नसल्याने झेलमच्या काठी खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी थंडी काढली. 1880मध्ये भाऊ आणि 1882मध्ये पती वारले, आणि 1883मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा यांना केडगावच्या आपल्या आश्रमात आणताना त्यांनी भुकेचे स्पष्टीकरण दिले नाही. भाकरी, निवारा आणि विणकाम, छपाई यांसारखे हातात धरता येईल असे काम दिले. हा भरवसा देवावरचा की माणसांवरचा, असे विचारणाऱ्याला मोशेचे हात आठवावे लागतील: धरणारे दोघे असले तरी ते हात वर होते देवाकडेच.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, जेणेकरून अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते वाचता यावे. 1921मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. एप्रिल 1922मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्या भाषांतरात ईयोबाचा शापही आहे आणि अंधारात संपणारे 88वे स्तोत्रही आहे. दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांना गाऱ्हाण्याचे हे शब्द त्यांच्या बोलीजवळच्या मराठीत मिळावेत, म्हणून ज्या बाईने कष्ट घेतले, तिने आपली सगळी माणसे गमावलेली होती.