हप्ता आधी, रस्ता मागून

एका देशाची सरकारी बँक दुसऱ्या देशाला रस्त्यासाठी, रेल्वेसाठी कर्ज देते, तेव्हा सगळ्यांत आधी व्याजाचा दर सांगते. कारण तो सांगण्यासारखा असतो.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानचं कर्ज 0.1 टक्का व्याजाचं, 50 वर्षांचं. पहिली 15 वर्षं हप्ता नाही. आपल्याकडे ते जवळपास फुकट म्हणून सांगितलं गेलं. कर्ज येनमध्ये, तंत्र जपानच्याच शिंकानसेन गाड्यांचं. व्याजात सोडलेलं खरेदीत वसूल होतं. त्यात लबाडी नाही, व्यवहार आहे. 1949 साली जागतिक बँकेनं भारताला पहिलं कर्ज दिलं तेही रेल्वेसाठीच, 3.4 कोटी डॉलरचं. इंजिनं परदेशातूनच आली.

दर विचारणारा कर्जदार नवखा. जाणता विचारतो : चलन कोणतं, ठेका कोणाला, भांडण झालं तर निवाडा कुठे?

केनियात मोंबासा ते नैरोबी रेल्वे 2017 साली सुरू झाली, चीनच्या सरकारी एक्झिम बँकेच्या पैशावर. जायची होती युगांडाच्या सीमेपर्यंत, नैवाशाला थांबली. कर्ज फेडायचं तर गाडीला माल हवा. मग बंदरातला माल रेल्वेनंच न्यायचा, असा हुकूम निघाला आणि मोंबासाचे ट्रकवाले रस्त्यावर उतरले. रेल्वे लोकांसाठी बांधतात. कर्जाची झाली की लोक तिच्यासाठी राबतात.

मुंबईच्या अटल सेतूलाही जपानच्या ‘जायका’ या सरकारी संस्थेचं कर्ज आहे. सेतूवर दुचाकीला बंदी आहे. परतफेडीत दुचाकीवाला आहेच.

मॉन्टेनेग्रोची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. सव्वासहा लाख वस्तीचा देश. आपला एखादा मोठा तालुका म्हणा. बार बंदरापासून सर्बियाच्या सीमेपर्यंत महामार्ग न्यायची त्याची जुनी हौस. एवढी वाहनं येणार कुठून, अशी शंका काढणारे अहवाल होते. शंकेला कोणी कर्ज देत नाही, हौसेला देतात. 2014 साली चीनच्या एक्झिम बँकेनं 94 कोटी 40 लाख डॉलर दिले. व्याज 2 टक्के, मुदत 20 वर्षं, पहिली 6 वर्षं हप्ता नाही. ठेका चिनी कंपनीला, वादाचा निवाडा बीजिंगला. देशात चलन युरो, कर्ज डॉलरमध्ये.

डोंगर मात्र कोणाचं वेळापत्रक पाळत नाही. 41 किलोमीटरचा पहिला टप्पा, आणि त्यात बोगद्यामागून बोगदा, पुलामागून पूल. मोराचा नदीच्या दरीवरचा पूल एकटाच जवळपास किलोमीटरभर लांब. तारा नदीचा काठ उकरला गेला तो वेगळाच. सवलतीची वर्षं संपली, काम संपलं नाही. पहिला हप्ता 2021 साली गेला. रस्ता खुला झाला जुलै 2022 मध्ये. मधल्या काळात डॉलरचा फटका नको म्हणून पाश्चात्त्य बँकांशी वेगळा करार करावा लागला. ज्यांनी कर्जावर सही केली त्यांचं सरकार तोवर निवडणूक हरून गेलं होतं. सहीला मुदत नसते, सही करणाऱ्याला असते.

पुढचा टप्पा अँड्रियेवित्सापर्यंतचा. या खेपेला कर्ज युरोपच्या पुनर्रचना आणि विकास बँकेचं. निविदेत पुढे आल्या त्या पुन्हा चिनी कंपन्याच.