वयाचे अंतर आणि कन्येचा होकार

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ती अध्याय २४, रूथ अध्याय ३ व ४, १ राजे १:१-४.



लग्नसराई जवळ आली की खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. वर अडतीस-चाळीस वर्षांचा. कोठे तो बिजवर असतो. कोठे शेती करणाऱ्यास कोणी मुलगी देत नाही म्हणून त्याची पस्तिशी उलटलेली असते. घरी विहीर-बागायत आहे, पक्के घर आहे. तो हुंडा मागत नाही. उलट दोन्हीकडचा खर्च सोसावयास तयार आहे. इकडे मुलीचा बाप कर्जाने वाकलेला. अशा वेळी मायबाप आपल्या पाळकाकडे किंवा प्रचारकाकडे येऊन विचारतात, "शास्त्राची यास काही आडकाठी आहे काय?" या प्रश्नाचा आज आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात विचार करू.

प्रथम सरळ उत्तर देतो. वधूवरांच्या वयांत अमुकच अंतर असावे, असा नियम पवित्र शास्त्राने घातलेला नाही. अब्राहाम सारेपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. इसहाकाने रिबकेशी लग्न केले तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. रिबकेचे वय शास्त्राने सांगितलेले नाही. पत्नी पतीपेक्षा वयाने मोठी असल्यास आपल्याकडे लोक हसतात. पण त्या हसण्यासही शास्त्राचा आधार नाही. आपल्या देशाचा कायदाही अंतर मोजीत नाही. मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षे पूर्ण असावीत, ही अट सन १९७८ पासून आहे, व ती आपल्या ख्रिस्ती विवाहासही लागू आहे. एवढे झाले की कायदा गप्प बसतो. परंतु कायदा जे मना करीत नाही ते सर्व देवासमोर योग्यच ठरते, असे समजू नये. अशा विवाहाविषयी दोन गोष्टी शास्त्रातून शिकावयाच्या आहेत : मुलीस कोणी विचारले काय, आणि हा विवाह कोणाच्या गरजेसाठी होत आहे. हे तीन स्त्रियांच्या वृत्तांतांवरून पाहू.

पहिली, रिबका. अब्राहामाचा चाकर विहिरीपाशी आला. त्याने सोन्याची नथ व कांकणे दिली. बापाने व भावाने रात्रीच संमती दिली. ही गोष्ट परमेश्वराकडूनच आहे असेही ते म्हणाले. आपल्या समजुतीप्रमाणे येथे सर्व आटोपले. दागिने आले, वडीलधाऱ्यांचा शब्द गेला, आणखी काय पाहिजे? तरी दुसऱ्या दिवशी निघण्याचा प्रश्न आला तेव्हा घरच्यांनी मुलीस बोलावून तिच्याच तोंडून ऐकण्याचे ठरविले. या मनुष्याबरोबर तू जातेस काय, असे तिला विचारण्यात आले, व ती जाईन म्हणाली. वास्तविक तो प्रश्न लगेच निघण्याविषयी होता हे आम्ही जाणतो. तथापि पवित्र आत्म्याने तो प्रश्न व तिचे उत्तर दोन्ही लिहवून ठेविली. देवाची इच्छा प्रकट झाली म्हणून मुलीची इच्छा विचारावयाचे कारण उरले नाही, असे त्या घराने मानले नाही.

दुसरी, अबीशग. दावीद राजा अतिशय वृद्ध झाला; पांघरुणे घालूनही त्यास ऊब येईना. तेव्हा सेवकांनी सर्व इस्राएलात सुंदर कुमारी शोधली व शुनेमहून अबीशग आणली. तिने राजाची सेवा केली. राजाने तिचा पत्नी म्हणून स्वीकार केला नाही. पुढे दावीद मरण पावल्यावर अदोनीयाने तिला मागितले, आणि त्या मागणीपायी तो जिवानिशी गेला. बंधूंनो, हा सर्व वृत्तांत काढून वाचा व अबीशगेच्या तोंडचा एक शब्द शोधा. सापडणार नाही. म्हाताऱ्याच्या अंगास ऊब हवी होती म्हणून एका तरुण मुलीचे आयुष्य राजवाड्यात नेऊन ठेविले. आणि तो गेल्यावर ती दुसऱ्यांच्या भांडणाचे कारण झाली. आमच्या गावीही "म्हातारपणी करणारे कोणी नाही, लेकरे सांभाळावयास कोणी नाही" म्हणून जेव्हा कोवळी मुलगी आणण्याचा बेत होतो, तेव्हा अबीशगेची आठवण करावी.

तिसरी, रूथ. येथे अंतर होते हे बवाजाच्या बोलण्यावरूनच कळते. तो तिला मुलगी म्हणून हाक मारितो, व तरुणांच्या मागे न लागल्याबद्दल तिची वाखाणणी करितो. तो शेताचा धनी, ती परदेशी विधवा, त्याच्या शेतात सरवा वेचणारी. खळ्यात, रात्री, कोणी पाहत नसता ती त्याच्या पायांपाशी आली होती. त्याने काय केले? तिच्या गरजेचा फायदा घेतला नाही. आपल्यापेक्षा जवळचा एक नातलग आहे, त्याचा हक्क आधी, असे त्याने स्वतःच सांगितले. ती आपल्या हातून जाईल हे ठाऊक असूनही सांगितले. सकाळी वेशीत दहा वडिलांस बसवून सर्व व्यवहार उघडपणे केला. या विवाहात रूथ स्वतःच्या पायांनी आली होती, आणि मोठ्याने आपले मोठेपण तिच्या रक्षणासाठी वापरिले. म्हणून त्या घरावर देवाचा आशीर्वाद आला व त्याच वंशात दावीद जन्मला.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही हाच धडा आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चव्वेचाळीस वर्षांच्या सुमाराचे विधुर असता एका यात्रेकरू ब्राह्मणाने गोदावरीकाठी त्यांस स्नान करताना पाहिले, व दुसऱ्याच दिवशी आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस देऊन तो पुढे निघून गेला. रिबकेचीही सोयरीक पाण्याकाठीच जमली; परंतु रिबकेस विचारले होते, या बालिकेस कोणी विचारले नाही. शास्त्रीबोवा सज्जन निघाले. लोकनिंदा सोसून त्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या मातेकडूनच रमाबाईंस विद्या मिळाली. ही देवाची दया होय. पण असा पती मिळेलच, अशी खात्री कोणता बाप देऊ शकेल? सन १८९० च्या सुमारास कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची बालिका तिशी उलटलेल्या पतीच्या हातून प्राणास मुकली, आणि त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली. १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदा' नाटकाने पैशासाठी म्हाताऱ्यास मुलगी देणाऱ्या बापास सर्व महाराष्ट्रापुढे उभे केले.

आणखी एक हिशेब मायबापांनी करावा. न्यायमूर्ती रानडे यांचे दुसरे लग्न १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाने झाले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे व रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनी पत्नीस लिहावयास वाचावयास शिकविले, बरोबरीने वागविले. तरी १९०१ मध्ये ते वारले, आणि रमाबाई पुढे तेवीस वर्षे वैधव्यात जगल्या. विद्या होती म्हणून पुण्याच्या सेवासदनात त्या हजारोंच्या उपयोगी पडल्या. जिच्या हाती विद्या नाही, जमिनीवर नाव नाही, व सावत्र मुले मोठी झाली आहेत, तिने ती तेवीस वर्षे कोणाच्या दारी काढावी?

तर मग आपण काय करावे?

मायबापांनो, मुलीस विचारा. आणि विचारणे म्हणजे काय ते समजून घ्या. चार पाहुण्यांदेखत, चहाचा ट्रे तिच्या हाती देऊन, "काय ग, पसंत आहे ना?" असे म्हणणे हे विचारणे नव्हे. तिने नाही म्हटले तर तिला मारहाण होणार नाही, टोमणे बसणार नाहीत, धाकट्या बहिणींची लग्ने अडल्याचा दोष तिच्या माथी येणार नाही, एवढी मोकळीक असेल तरच तिच्या होकारास अर्थ आहे. जिला नाही म्हणता येत नाही तिचा होकार देव होकार म्हणून मानीत नाही. कर्ज बापाचे आहे. ते मुलीच्या देहाने फेडू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या बंधूंनो, तुमची अडचण आम्ही जाणतो. कोयता म्हणजे जोडी. जोडी झाली की मुकादमाकडून उचल मिळते. मुलीस गावी एकटी ठेवावी तर भीती वाटते. म्हणून अठरा पुरी होण्याआधीच, मिळेल त्या वयाच्या वरास ती दिली जाते. हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. परंतु याचा दोष केवळ तुमच्यावर घालून मंडळीस हात झटकता येणार नाहीत. गावात राहणाऱ्या विश्वासणाऱ्या कुटुंबांनी हंगामाचे पाच-सहा महिने अशा मुलींस आपल्या घरी ठेवून शाळेत पाठवावे. ज्या मंडळीने हे केले नाही तिने त्या बापास उपदेश करण्याचे धाडस करू नये.

वयाने मोठ्या वरांनो, बवाजासारखे वागा. प्रेषित पौल पतीपुढे ख्रिस्ताचा कित्ता ठेवितो, आणि ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस दिले. तुम्हीही द्या. लग्नाआधी घरात व जमिनीत तिचे नाव लावा. तिचे शिक्षण अपुरे असेल तर पुरे करा. आधीच्या मुलांसमोर तिचा हक्क स्पष्ट सांगून ठेवा. हे करावयास मन कचरत असेल तर तुम्हांस पत्नी नको, चाकरीण पाहिजे आहे, हे ओळखा.

कन्यांनो, तुमच्यापैकी एखादीने आपण होऊन वयाने मोठ्या पुरुषावर मन बसविले असेल, तर ते पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. रूथेने तसेच केले. मात्र तो आपणास वडीलधाऱ्यांसमोर उघडपणे मागणी घालतो की लपून भेटावयास सांगतो, हे पाहा. जो लपवितो तो बवाज नव्हे.

आणि प्रचारक व शिक्षक बंधूंनो, आपल्यासाठी शब्द अधिक कडक आहे. जी मुलगी आपल्या हाताखाली वचन शिकते, ती आपल्याकडे आदराने पाहते. त्या आदरास प्रीती समजून, किंवा तशी समजूत तिच्या मनात भरवून, तिला मागणी घालू नये. मेंढपाळास कळप राखावयास दिला आहे. तसेच, असा विवाह जमत आहे असे कळताच, मंडळीत जाहीर सूचना वाचण्यापूर्वी, आपल्या पत्नीस किंवा एखाद्या वडील भगिनीस त्या मुलीकडे पाठवावे. तिने तिला एकटीस भेटून विचारावे. विवाहविधीत आपण वर व वधू दोघांसही प्रश्न विचारतो व दोघांचेही उत्तर ऐकतो. पण वेदीपुढे, मांडव भरलेला असता, कोणती मुलगी नाही म्हणेल? तो प्रश्न महिनाभर आधी, तिच्या घरी विचारला गेला पाहिजे.

ज्या प्रभूने शोमरोनी स्त्रीशी विहिरीपाशी स्वतः बोलून तिचे म्हणणे ऐकून घेतले, तो आमच्या घरांतील मुलींचेही ऐकतो. तो ऐकत असता आपण कान झाकू नये. देव करो आणि आपल्या प्रत्येक घरात, सोयरिकीचे बोलणे पुढे नेण्याआधी, कन्येस जवळ बसवून तिचे मन विचारले जावो. आमेन.